धातू वाढवायचा नाही

मिशिगन,
८ मार्च

प्रिय भावा,

तुझ्याकडं एक काम आहे. गाडीच्या सस्पेन्शनच्या सांध्यात बसणारे चार बुश करून पाहिजेत, डेलरीनचे, म्हणजे त्या कडक प्लास्टिकचे. ड्रॉइंग सोबत जोडलंय, पण ते बघून लगेच लेथ चालू करू नकोस. आधी पत्र पुरतं वाच. मला तुझा हात माहीत आहे. तू सांगितल्यापेक्षा जरा दणकटच करून देतोस, आणि या वेळी नेमकं तेच नडणार आहे.

फोनवर म्हणालो होतो ना, जुनी मियाटा घेतली म्हणून? माझ्दाची, १९९२ ची, दोन सीटची, उघड्या टपाची. १.६ लिटरचं इंजिन, ११६ हॉर्सपॉवर, वजन टनाच्या आसपास. आपल्या रस्त्यावर उभी केलीस तर पोरं तिला खेळणं समजतील. पण वळणाला अशी चिकटते की सांगून पटणार नाही.

घेतली ती ऑटोक्रॉससाठी. आपल्याकडं ऑटोक्रॉस म्हटलं की मातीचा धुरळा डोळ्यासमोर येतो. इथं तो डांबरावर होतो, एखाद्या अवाढव्य पार्किंगमध्ये किंवा जुन्या धावपट्टीवर, नारिंगी शंकू मांडून. एका गाडीचा फेरा साधारण मिनिटभराचा, जवळजवळ सगळा दुसऱ्या गिअरात. शंकू पाडला की दोन सेकंद वाढतात, वाट चुकली की फेरा बाद. अर्धा दिवस गाडी चालवायची आणि अर्धा दिवस उन्हात उभं राहून दुसऱ्यांनी पाडलेले शंकू पळत जाऊन उभे करायचे. प्रत्येक शंकूच्या बुडाभोवती चौकट आखलेली असते. उभा शंकू सरकला पण त्याची कड चौकटीला शिवत असली तर माफ, पूर्ण बाहेर गेला तर दंड. मी एकदा गुडघ्यावर बसून, गाल जमिनीला लावून बघितलंय, नखाएवढी कड रेषेवर होती. माफ केलं. ती गाडी कुणाची होती म्हणशील तर माझ्याशीच स्पर्धा असलेल्या एकाची.

या खेळाचं नियमपुस्तक स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाचं. संस्था १९४४ ची, आणि या प्रकाराला ते ‘सोलो’ म्हणतात. गाडीत किती फेरफार केलेत त्यावरून तिचा गट ठरतो. जवळजवळ जशी शोरूममधून आली तशी गाडी ‘स्ट्रीट’मध्ये. स्प्रिंगा, शॉकॲब्सॉर्बर, हेडर म्हणजे इंजिनातून धूर काढणाऱ्या नळ्या, असलं बदललं तर ‘स्ट्रीट टूरिंग’. त्याच्यावर प्रिपेअर्ड, मॉडिफाइड अशा पायऱ्या चढत जातात. माझा गट स्ट्रीट टूरिंग, सगळे त्याला एसटी म्हणतात. हसू नकोस. पहिल्यांदा कुणी विचारलं, ‘तू एसटीत का?’ तेव्हा मला कोल्हापूर-गारगोटी गाडीची खिडकी आठवली.

आता मुद्द्यावर येतो. गाडी घेताना मालकानं अभिमानानं सांगितलं होतं, पुष्कळ सामान टाकलंय, तुला काही करायला नको. मीही भाळलो. गेल्या ऑगस्टात पहिल्या शर्यतीला गेलो, अर्जावर एसटी लिहिलं आणि तीन फेरे मारून खूश होऊन बसलो. तेवढ्यात एक म्हातारबाबा आले. मोटार कारखान्यातून निवृत्त झालेले, हातात स्टीलची फूटपट्टी. काही बोलले नाहीत, मागच्या चाकाशी बसले आणि स्पोकच्या मागं बोट दाखवलं. तिथं ओतीव अक्षरात लिहिलेलं होतं: पंधरा बाय आठ. माझ्या वर्गात रिम साडेसात इंचापर्यंतच चालते आणि टायर २२५ मिलिमीटर रुंदीपर्यंत. मग बाबा पाठीवर झोपून गाडीखाली सरकले. बाहेर आले तेव्हा मान हलवत होते. रीतसर तक्रार करता आली असती त्यांना. केली नाही. नुसतं पुस्तक हातात दिलं आणि म्हणाले, ‘यात जे लिहिलेलं नाही ते करायचं नाही, एवढं धरून वाच.’

आपण उलट शिकलो रे. मनाई केलेली नाही म्हणजे चालतंय, अशी आपली रीत. या पुस्तकात परवानगी शब्दाशब्दानं दिलेली असते आणि जिथं शब्द नाही तिथं मूळ गाडी.

त्या रात्री यादी केली. रिमा अर्धा इंच रुंद. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून सरळ नळी जोडलेली, जी या गटात चालत नाहीच, शिवाय रस्त्यावरही कायद्याच्या बाहेर. आणि पुढची चाकं धरून ठेवणाऱ्या वरच्या आर्मांना रबरी बुशांच्या जागी स्टीलचे गोल बेअरिंग. खरी मेख तिथं होती. वर्तुळाकार बुश काढून बॉल-सॉकेट बसवायचं नाही, हे पुस्तकात उदाहरण देऊन लिहिलंय. त्या बेअरिंगांपायी माझी ११६ हॉर्सपॉवरची पोरगी ‘सुपर स्ट्रीट मॉडिफाइड’मध्ये जाते, जिथं माझ्दाच्याच टर्बो लावलेल्या आरएक्स-सेव्हन गाड्या चिकट रेसिंग टायरांवर पळतात.

याचा हिशेब बघ. वेगवेगळ्या वर्गांच्या गाड्यांची तुलना करायला प्रत्येक वर्गाला एक गुणांक असतो, फेऱ्याची वेळ त्यानं गुणायची. तो दरवर्षी थोडा हलतो. माझ्या वर्गाचा ०.८१ च्या आसपास, त्या वरच्या वर्गाचा ०.८८ च्या आसपास. मी साठ सेकंदांत फेरा मारला तर एसटीत तो साडेअठ्ठेचाळीस धरला जाणार आणि तिकडं जवळजवळ त्रेपन्न. चार सेकंद! इथं लोक शतांशावर हरतात. चार इवल्याशा बेअरिंगांसाठी चार सेकंद, म्हणजे एकेकाचा भाव एक सेकंद.

म्हणून हा हिवाळा गाडी उतरवण्यात गेला. सगळे मित्र आपापल्या गाड्यांना काहीतरी चढवत होते आणि मी पाने घेऊन काढत बसलो होतो. रिमा विकल्या, साडेसातच्या आणल्या. टायर घेतले ते ट्रेडवेअर २०० चे. हा आकडा टायरच्या कडेवर छापलेला असतो, लहान असेल तितकं रबर साधारणपणे मऊ, आणि आमच्याकडं २०० च्या खाली चालत नाही. कन्व्हर्टर परत बसवला, आवाज निम्मा झाला, शेजारीण पहिल्यांदा हसून बोलली. सीटचं वजन करायला बाथरूमचा काटा गॅरेजमध्ये आणला. बदललेली सीट ब्रॅकेट-बोल्टांसकट निदान पंचवीस पौंड भरली पाहिजे, म्हणजे अकरा किलोच्या थोडं वर. माझी सव्वीस भरली. सीट घेऊन मी काट्यावर उभा, मग सीटशिवाय उभा, आणि तुझी वहिनी दारात उभी राहून विचारते, ‘डाएट सुरू केलं काय?’

बेअरिंग काढताना मात्र जीव गेला. इथं हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं बोल्ट आर्मातच गंजून बसलेले. तीन दिवस तेल मारलं, टॉर्चनं तापवलं, चौथ्या दिवशी दीड हात लांब नळी पान्याला लावून लोंबकळलो तेव्हा पहिला बोल्ट बंदुकीसारखा वाजून सुटला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात असतो तर चहा येईपर्यंत प्रेसवर काम झालं असतं. इथं कुणाला प्रेसवर अर्धा तास मागितला तर आधी कागदावर सही घेतात.

वहिनीचं सांगायचं राहिलंच. ती पण चालवते, माझ्याच गाडीत, माझ्यानंतर. बायकांसाठी वेगळा वर्ग आहे, पण ती त्यात नाव घालत नाही. दोघं लागोपाठ चालवतो म्हणून टायर तापतात, मग मध्ये पाणी मारावं लागतं. सगळ्यांकडं बागेतले नाजूक स्प्रे आहेत आणि माझ्याकडं पाठीवरचा पंप, आपण उसावर औषध मारायला घ्यायचो तसलाच. तो अडकवून मी चाकांभोवती फिरायला लागलो की लोक फोटो काढतात. टायरच्या खांद्यावर खडूची रेघ मारून ठेवतो, फेऱ्यानंतर ती किती पुसली त्यावरून हवा किती ठेवायची ते कळतं. गेल्या सहा शर्यतींत चार वेळा वहिनी माझ्यापुढं होती. हे घरी कुणाला सांगू नकोस.

तू म्हणशील, इथं सायलेन्सर बदलला तरी पोलीस धरतो आणि तुमची मजा आहे. खरं आहे. तिकडं २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय, कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत बदल नाही. पण आरटीओचा साहेब निदान एकदा बघून सोडतो. इथं प्रतिस्पर्धीच साहेब असतो, आणि त्याच्याकडं फूटपट्टी असते.

आता बुशांचं. नीट ऐक.

बुश धातूचा नको, डेलरीन चालतं. आत स्टीलची नळी आहेच, ती मूळ बुशातही होती. पण नियम असा आहे की मूळ बुशाच्या तुलनेत धातूचं प्रमाण वाढता कामा नये. म्हणून नळीची जाडी ड्रॉइंगमध्ये आहे तीच ठेव. तुला ती कागदासारखी पातळ वाटेल, तुझा हात शिवशिवेल, तरी अर्धा मिलिमीटरसुद्धा वाढवू नकोस.

भोक मध्यावर नको, ड्रॉइंगप्रमाणं बाजूला सरकवलेलं हवं. त्यानं चाकाचा माथा आत झुकतो आणि मला तीन अंशांच्या जवळ कॅम्बर मिळतो. सरकलेलं भोक चालतं, तिरकं चालत नाही. चकवर जॉब बांधताना डायल लावून बघ. बुश जागेवर फिरू नये म्हणून एक बारीक पिनची खाच दाखवली आहे, तेवढी पिन चालते.

चारही झाले की व्हर्नियरवर ठेवून फोटो पाठव, आकडे वाचता येतील असा. तो छापून पुस्तकात ठेवणार आहे, बाबांना दाखवायला. सीझन एप्रिलच्या शेवटी सुरू होतोय, पार्सल तोवर पोचेल असं बघ. पैशाचं बोलू नकोस, आल्यावर तांबडा-पांढरा माझ्याकडून.

काकींना नमस्कार सांग.

तुझाच,
एसटीतला पॅसेंजर

ता. क. पाच कर. एक मी बसवताना फोडणार.