शाळांच्या परसबागांचे अनुदान मार्चमध्ये नको, मे महिन्यात द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेच्या आवारात भाजीपाल्याची बाग असावी, अशा मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने ऑक्टोबर 2019 मध्ये काढल्या. समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय शिक्षण योजनेच्या निकषांत इको क्लबसाठी, म्हणजे शाळेतल्या पर्यावरण मंडळासाठी, प्राथमिक शाळेला वर्षाला 5 हजार, उच्च प्राथमिकला 15 हजार आणि माध्यमिकला 25 हजार रुपये धरले आहेत. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी (सीएसआर) वेगळा. त्यामुळे पैशाची तरतूदच नाही, असे म्हणता येत नाही. बाग वाळते ती पैसा कधी हातात पडतो आणि कशावर खर्च करू दिला जातो, यामुळे.

रक्कम अनेकदा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते आणि 31 मार्चच्या आत खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. मग घाईघाईने रोपवाटिकेतून रोपे आणून लावली जातात, फोटो निघतो, प्रस्तावातला ‘लावलेली रोपे’ हा रकाना भरतो. एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा 40 अंशांच्या वर जातो, शाळा सकाळची होते, मे महिन्यात कुलूप लागते. जूनमध्ये मुले परत येतात तेव्हा वाफ्यात काड्या उरलेल्या असतात. यात शिक्षकांचा दोष नाही, स्वयंसेवकांचाही नाही. सोलापूर जिल्ह्यातला कोणता शेतकरी मार्चअखेर पेरणी करतो?

इथला वर्षाचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. त्यातही जुलै-ऑगस्टमध्ये खंड पडतो आणि खरी ओल सप्टेंबरात मिळते. मंगळवेढ्याची ज्वारी त्याच ओलीवर येते. बागेचे वर्षही तसेच चालते. मे महिन्यात कुंपण, वाफे आणि खत. जूनमध्ये भेंडी, गवार, चवळी, दोडका, दुधी. सप्टेंबरअखेरपासून मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर, मुळा, वांगी, टोमॅटो. फेब्रुवारीपर्यंत मुख्य पीक संपते. म्हणजे मे महिन्यात पैसे दिले तर सगळा खर्च त्याच आर्थिक वर्षात बसतो आणि हिशेबाचा एकही नियम मोडत नाही. मे महिन्यात 60 टक्के, सप्टेंबरात 40 टक्के असे दोन हप्ते पाडावेत. पुढच्या वर्षीच्या रकमेतला थोडा भाग एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच, फक्त उन्हाळ्यातल्या पाण्यासाठी सोडावा.

आता खर्चाबद्दल. अर्ध्या गुंठ्याची, म्हणजे 20 बाय 27 फुटांची बाग धरू. मधोमध 3 फुटांची वाट सोडून दोन्ही बाजूंना 3 बाय 8 फुटांचे पाच-पाच वाफे बसतात, दोन वाफ्यांत दीड फुटाची पायवाट राहते. वाफा 3 फुटांपेक्षा रुंद करू नये, कारण मुलांचा हात दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत पोहोचला पाहिजे. नाही पोहोचला तर मुले वाफ्यात पाय देतात आणि माती दडपते. एका कडेला उरलेल्या 3 फुटांच्या पट्ट्यात शेवगा, कढीपत्ता, पपई. या जागेला सुमारे 95 फूट कुंपण लागते, दर 8 फुटांवर एक असे बारा खांब आणि एक फाटक. संरक्षक भिंत नसलेल्या शाळेत कुंपणाआधी बी टाकणे व्यर्थ आहे. शेळ्या आणि डुकरे एका रात्रीत सगळे संपवतात. कुंपणाला ‘बांधकाम’ ठरवून ते अनुदानातून वगळणाऱ्या अटी म्हणूनच काढल्या पाहिजेत.

मातीकडे सगळ्यात कमी लक्ष दिले जाते. शहरातल्या बऱ्याच मैदानांवर वरचा थर दडपलेल्या मुरमाचा आणि राडारोड्याचा असतो. तिथे विटा रचून फूटभर उंच वाफे करावे लागतात. एका वाफ्यात 24 घनफूट माती जाते, म्हणजे एक ब्रास (100 घनफूट) मातीत चार वाफे भरतात. दोन भाग पोयट्याची माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक भाग वाळू, हे मिश्रण चालते. माती कुठून येते ते शेतात जाऊन पाहावे. लव्हाळा किंवा हराळी ही तणे असलेल्या शेतातली एक ट्रॉली आली की पुढची कित्येक वर्षे मुले खुरपतच राहतात. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून हुमणी ही मुळे खाणारी अळी येते. साखर कारखान्याची मळी (रस गाळल्यावर उरणारा गाळ, प्रेसमड) स्वस्त पडते, पण ताजी मळी तापते आणि मुळे भाजते. ती ओली करून, दोन-तीन महिने कुजवून मगच वापरावी.

काळी माती असेल तर पावसाळ्यात गादीवाफा (उंच केलेला वाफा) आणि उन्हाळ्यात सपाट वाफा हवा. उलट केले तर पावसाळ्यात मुळे कुजतात आणि उन्हाळ्यात भेगांतून पाणी उडून जाते. आपल्या जमिनी चुनखडीच्या, त्यामुळे लोह असूनही पिकाला मिळत नाही. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की ती लोहाची कमतरता. एका वाफ्याला चमचाभर, साधारण 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) अडीच किलो कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलसर ठेवून आठवडाभर मुरवावे आणि मग मातीत कालवावे. नुसते हिराकस टाकले तर चुन्यामुळे ते वाया जाते. भेंडीच्या पानांवर मात्र शिराच पिवळ्या झाल्या तर तो पांढऱ्या माशीने पसरवलेला विषाणू असतो. तिथे हिराकस काहीच करत नाही, झाड उपटून लांब नेऊन पुरावे.

पाण्याचा हिशेब शाळेने अनुदानाच्या अर्जातच लिहावा. दहा वाफ्यांचे क्षेत्र सुमारे 22 चौरस मीटर भरते. थंडीत दर चौरस मीटरला रोज 4 लिटर, म्हणजे 90 लिटरच्या आसपास पाणी पुरते. एप्रिलमध्ये 7 ते 8 लिटर, म्हणजे 155 ते 180 लिटर. शहरात उजनी धरणाचे पाणी काही दिवसांआड येते, त्यामुळे नळावर बाग उभी राहत नाही. मात्र 150 मुलांनी पोषण आहाराआधी आणि नंतर हात व ताटे धुतली, माणशी पाऊण लिटर धरले, तरी 110 लिटरच्या वर पाणी रोज गटारात जाते. हिवाळ्यातल्या पूर्ण बागेची गरज त्यात भागते. त्यासाठी हात धुण्याच्या जागेखाली अन्नाचे कण अडवणारी जाळी, पुढे खडी-वाळूचा दोन फुटी खड्डा आणि तिथून वाफ्यापर्यंत उताराची नळी एवढेच लागते. हे पाणी साठवायचे नाही, त्याच दिवशी सोडायचे. एका रात्रीत वास येतो, नंतर डास होतात. ते पानांवर शिंपडू नये, मुळाशी द्यावे, आणि मुळा-कोथिंबिरीसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना देऊच नये.

छतावरच्या पावसाच्या पाण्याला कोणी मोजत नाही याचे वाईट वाटते. 1000 चौरस फुटांच्या छतावरून आपल्या एवढ्याशा पावसातही वर्षाला 40 हजार लिटर पाणी मिळते आणि 15 मिलिमीटरच्या एका सरीत हजार लिटरची टाकी भरते. पहिल्या सरीचे पाणी धूळ घेऊन येते, ते बाहेर सोडून द्यावे. जुलै-ऑगस्टच्या खंडात ही एक टाकी दहा दिवस बाग तारते.

ठिबकबद्दल एक इशारा. बागेसाठी आलेला तयार संच शेतासाठी बनवलेला असतो, त्याच्या तोट्यांना पंपाचा दाब लागतो. टाकी 6 फुटांवर ठेवली तर दाब त्याच्या पाचव्या हिश्शाइतकाही मिळत नाही आणि शेवटचे वाफे कोरडे राहतात. अशा ठिकाणी 16 मिलिमीटरच्या नळीवर मायक्रोट्यूब (अगदी बारीक नळ्या) बसवाव्यात, टाकीच्या तोंडाशी जाळीची गाळणी लावावी आणि दर शनिवारी नळीचे टोक उघडून पाणी वाहू द्यावे. बोअरचे क्षारयुक्त पाणी असेल तर नळ्यांना पांढरा थर धरतो, म्हणून जास्तीच्या मायक्रोट्यूब आधीच घेऊन ठेवाव्यात.

उन्हाळ्यात सगळी बाग जगवण्याचा हट्ट धरू नये. हात धुण्याचे पाणी नेमके तेव्हाच बंद होते. दोन-तीन वाफे आणि कडेची झाडे ठेवावीत, बाकी वाफे खत घालून, पाचटाने झाकून विश्रांतीला सोडावेत. शेवगा आणि पपईजवळ कुंभाराकडचे 5 ते 7 लिटरचे साधे मडके गळ्यापर्यंत पुरावे, तोंडावर झाकणी ठेवावी आणि दर दोन-तीन दिवसांनी भरावे. रंगवलेले मडके पाझरत नाही, ते घेऊ नये. पाचटाचा थर तीन-चार इंचांचा, पण खोडापासून चार बोटे लांब, नाहीतर वाळवी लागते. पाचट उचलताना आधी काठीने हलवून पाहावे, सावलीला साप येतात. हे काम मुलांना देऊ नये.

आमच्या अंदाजाने शंभर रुपयांतले 35 कुंपणाला, 30 पाण्याला, 15 माती-खताला आणि फक्त 5 बियाणे-रोपांना लागतात. उरलेले 15 दुरुस्तीसाठी हाताशी हवेत. आजचे प्रस्ताव बहुधा याच्या उलट असतात, कारण रोपांची पावती सहज मिळते. शेणखत देणारा शेतकरी, मडके देणारा कुंभार किंवा खड्डा खणणारा मजूर जीएसटीचे बिल कुठून आणणार? अशा लहान खर्चांसाठी ठरावीक मर्यादेपर्यंत शाळा व्यवस्थापन समितीच्या दोन पालक सदस्यांच्या सहीची हातपावती लेखापरीक्षणात ग्राह्य धरावी. या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे देखरेखही आपोआप होते.

स्वयंसेवकांची अडचण निराळी आहे. कंपन्यांचा निधी घ्यायचा तर संस्था नोंदणीकृत हवी, प्राप्तिकर सवलतीची 12 अ आणि 80 जी नोंदणी हवी, 1 एप्रिल 2021 पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-1 नोंदणीही हवी. गल्लीतले गणेश मंडळ किंवा महिला बचत गट हे कुठून आणणार? नवी संस्था काढायला लावण्यापेक्षा रक्कम शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात द्यावी आणि समितीने स्वयंसेवकांशी एका पानाचे करारपत्र करावे. फाटकाची दुसरी किल्ली कोणाकडे, मे महिन्यात कोणत्या वारी पाणी कोण घालणार, वीज-पाण्याचे बिल कोण भरणार, सुट्टीत निघालेल्या शेंगा कोणी न्यायच्या, एवढे त्यात लिहिलेले असावे. बागेत रमलेल्या शिक्षकांची बदली झाली की बागही जाते. करारपत्र असेल तर नव्या मुख्याध्यापकांना सगळे पहिल्या दिवशी हातात मिळते.

आणि मोजणी बदला. किती रोपे लावली हे विचारू नका. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, शाळा उघडल्यावर, कडेची किती झाडे जिवंत आहेत आणि वर्षभरात किती किलो भाजी खिचडीत गेली, हे दोन आकडे घ्या. भाजी स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज मोजून वहीत लिहिता येते. पुढचा मोठा हप्ता या वहीवर द्या.

काही गोष्टी अनुदानाशिवायही या महिन्यात सुरू करता येतील. भाजीची देठे आणि वाळका पाला यांचे खत करायला एक खड्डा पुरतो: ओला एक भाग, वाळका तीन भाग. शिजलेला भात मात्र त्यात नको, उंदीर येतात. बियाणे सरळ (संकरित नसलेल्या) वाणांचे घ्यावे, म्हणजे भेंडी-गवारीची दोन झाडे पिकू देऊन पुढचे बी घरचेच होते. निंबोळ्या उन्हाळ्याच्या शेवटी रस्त्यावर पडतात, त्या वेचून, धुऊन, सावलीत वाळवून ठेवाव्यात. मावा किडीसाठी पाव किलो निंबोळीचे कूट रात्रभर थोड्या पाण्यात भिजवून फडक्यातून पिळावे, पाणी घालून 5 लिटर करावे, त्यात चिमूटभर साबणाचा चुरा घालावा आणि संध्याकाळी फवारावे. दुपारी फवारले तर उन्हाने त्याचा गुण जातो. हा अर्क त्याच दिवशी संपवावा.

शाळांच्या परसबागांत काम करणारे काही स्वयंसेवक,
सोलापूर