आकडा मोठा, पण दिसत काहीच नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी नातवाच्या शाळेच्या सहलीबरोबर नांदूरमध्यमेश्वरला गेलो होतो. रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, राज्यातून पहिलं नाव लागलं ते गोदावरी-कादवाच्या संगमावरच्या या पाणथळीचं. शाळांच्या सहली इकडे वळतात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्या सकाळी जे पाहिलं ते राहवत नाही म्हणून लिहितो.

एका दात्याने शाळेला सहा नव्याकोऱ्या दुर्बिणी दिल्या आहेत. सगळ्या २० × ५० च्या, म्हणजे वीस पट मोठं दाखवणाऱ्या आणि पुढची काच पन्नास मिलिमीटरची. चापडगावच्या मनोऱ्यावर मुलं थंडीत काकडत रांगेत उभी होती. ज्याचा नंबर येई तो दुर्बीण डोळ्याला लावी, इकडेतिकडे फिरवी आणि निमूटपणे मागच्याच्या हातात देई. माझा नातू म्हणाला, “आबा, नुसतं पाणी हलतंय.” समोर तलवार बदकांचा थवा उतरलेला होता! मी माझी जुनी ८ × ४२ त्याच्या गळ्यात घातली आणि कोपरं कठड्यावर टेकवायला सांगितली. थोडा वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, “त्याच्या मानेवर खडूने रेघ ओढलीय.” नराच्या मानेवर वर चढत जाणारी ती पांढरी रेघ त्याची त्याला सापडली होती.

मी पायदळात बावीस वर्षं काढली, त्यातली काही ड्रॅगुनोव्ह या लांबच्या नेमाच्या रायफलवर. त्या रायफलीवरची दुर्बीण फक्त चार पटीची. नवी पोरं विचारायची, “उस्ताद, एवढीच?” मी त्यांना आधी झाडीत लपवलेलं निशाण शोधायला लावायचो. चार पटीत सहा अंशांचा पट्टा एका नजरेत येतो, म्हणून शोधता येतं. पट वाढली की पट्टा आखडतो, हाताची थरथर तेवढ्याच पटीने मोठी होते आणि श्वासागणिक नेम धरायची फुली वर-खाली नाचते.

माझा पुतण्या अमेरिकेत मोंटानात असतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ते योग्यच आहे. तिथे मात्र परवाना काढून, ठरलेल्या हंगामात एल्क या मोठ्या हरणाची शिकार करता येते. पहिल्याच हंगामासाठी तो रायफलीवर लावायला ६ ते २४ पटीची दुर्बीण घ्यायला निघाला होता. मी फोनवर विचारलं, जनावर दिसणार कुठे? म्हणाला, पाइनच्या जंगलात, शंभर मीटरच्या आतबाहेर. मी म्हटलं, तिथे चोवीस पटीत नुसती कातडी दिसेल. खांदा की पुठ्ठा हे कळेपर्यंत जनावर झाडाआड गेलेलं असेल. शेवटी त्याने ३ ते ९ पटीची, ४० मिलिमीटर काचेची घेतली. चालताना ती तीनवरच ठेवायची. जनावर लांब असेल, उभं असेल आणि हाताशी वेळ असेल तरच वाढवायची. आणखी एक गोष्ट त्याला बजावून सांगितली. रायफलीच्या दुर्बिणीतून काही शोधायचं नाही. तिच्यातून जे पाहाल त्याच्यावर नळी रोखलेली असते, मग तो माणूस का असेना. शोधायला गळ्यात वेगळी दुर्बीण हवी.

रायफलीवरची असो की गळ्यातली, हिशेब एकच. काचेच्या मिलिमीटरला पटीने भागा. डोळ्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी निघते. पन्नास भागिले वीस, अडीच मिलिमीटर. बेचाळीस भागिले आठ, सव्वापाच. झुंजूमुंजू असताना मुलांच्या डोळ्याची बाहुली सहा-सात मिलिमीटरपर्यंत उघडलेली असते आणि तिला मिळतो अडीचचा झोत. चित्र काळपट दिसणारच. पुतण्याच्या दुर्बिणीतही नऊ पटीत साडेचारच्या आत मिळतो, सहावर आणली की साडेसहाच्या वर. तिन्हीसांजेला पट उतरवायची ती एवढ्यासाठी. उन्हं वर आली की पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि मोठी पट ती थरथरही मोठी करून दाखवते.

वीस पटीची दुर्बीण वाईट असते असं मी म्हणत नाही. ट्रायपॉडवर पक्की बसवली, तर लांबच्या बेटावरच्या थव्यात कोण कोण आहे हे तिच्यातून छान लागतं. शाळेने सहापैकी दोन तशा ठेवाव्यात आणि बाकीच्या दुकानदाराकडून ८ × ४२ किंवा ८ × ३२ मध्ये बदलून घ्याव्यात. चष्मेवाल्या मुलांना डोळ्याजवळचं रबर दुमडून द्यावं. त्या दिवशी हे कोणी केलंच नव्हतं आणि ती बिचारी चष्मा काढून बघत होती.

दात्याचा हेतू चांगला होता, त्याबद्दल शंका नाही. पण दुकानात मोठा आकडा पुढे केला जातो आणि आपण त्याला भुलतो. नाशिकमधल्या आणखी कोणी शाळेसाठी दुर्बिणी घ्यायच्या ठरवल्या असतील, तर पैसे देण्याआधी दुर्बीण दुकानाबाहेर न्यावी, हात न टेकवता रस्त्यापलीकडची पाटी वाचून पाहावी. अक्षरं नाचली तर ती मुलांच्या हाताची नाही.

नातवाची शाळा पुन्हा नांदूरमध्यमेश्वरला जाणार असेल तर माझी ८ × ४२ घेऊन मी येईन. तिचा पट्टा तेवढा आधी गळ्यात घालायचा, मग दुर्बीण हातात.

आपला,
एक निवृत्त हवालदार,
देवळाली कॅम्प, नाशिक