कुलरच्या टाकीत टॉर्च मारायला शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमची नागपूरहून बदली झाल्याचं कळलं आणि चुटपुट लागली. समोरासमोर आभार मानायचे राहूनच गेले, म्हणून हे पत्र.

डेंग्यूचे रुग्ण वाढले की आमच्याकडे उपाय ठरलेला असायचा, धूरफवारणी. सकाळपासून फोन सुरू व्हायचे, 'आमच्या गल्लीत गाडी केव्हा येते जी?' धूर दिसला की लोकांचं समाधान व्हायचं, आमचंही. त्या वर्षी एका गल्लीत आम्ही दोनदा धूर मारला आणि तिथलीच सात वर्षांची पोरगी डेंग्यूने दवाखान्यात भरती झाली. ती बरी झाली. पण तिच्या आईने विचारलं, 'तुम्ही तर फवारून गेले होते ना?' माझ्याजवळ उत्तर नव्हतं. तोच प्रश्न घेऊन मी तुमच्या पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र विभागात आलो.

तुम्ही उपदेश केला नाही. 'यावर आधी कोणी काम केलंय का, ते बघू' म्हणालात आणि २०१० सालचा एक आढावा काढलात. घराभोवतीच्या फवारणीवरचे निरनिराळे अभ्यास त्यात एकत्र तपासले होते. तुम्ही तो माझ्यासोबत ओळीओळीने वाचलात. नुसत्या अशा फवारणीने डेंग्यूचा प्रसार आटोक्यात येतो, असा स्पष्ट पुरावा त्यांना मिळाला नव्हता. धुराने मरतात ते उडते डास, पाण्यातल्या अळ्या नाहीत. आणि डेंग्यू पसरवणारा एडिस डास तर घरात पलंगाखाली, पडद्यामागे दडून बसतो.

मी म्हणालो, 'मग फवारणी बंदच करू.' तुम्ही लगेच थांबवलंत. 'पुरावा मिळाला नाही याचा अर्थ उपयोगच नाही, असा होत नाही. उद्रेकात तिचं काम असतं. शिवाय हे अभ्यास आपल्या वस्तीत झालेले नाहीत. आपल्याकडे अळ्या कुठे आहेत, ते आधी पाहू या.' मॅडम, तुमच्याकडून मिळालेली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

पुढच्या शनिवारी तुम्ही स्वतः त्या गल्लीत आलात. पोरीच्या घरी मागच्या खिडकीला कुलर होता. 'तो तर जूनपासून बंद आहे जी,' आई म्हणाली. तुम्ही ताटी काढून टाकीत टॉर्च मारला. पावसाचं चार बोटं पाणी, आणि उजेड पडताच अळ्या वळवळत तळाशी गेल्या. मग पाण्याच्या रेषेवर चिकटलेले काळे ठिपके दाखवलेत. ती अंडी. कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात आणि पाणी मिळालं की फुटतात. म्हणजे पाणी ओतून देणं पुरेसं नाही, टाकी घासणीने खरवडून काढावी लागते. इतकी वर्षं या कामात असून मी ते ठिपके कधी पाहिले नव्हते.

रजिस्टरही तुम्हीच बदलायला लावलंत. अळ्या सापडलेली घरं आम्ही मोजायचो. 'किती घरांपैकी?' असं तुम्ही विचारलंत, तेव्हा कळलं की तपासलेल्या घरांचा आकडा नसेल तर दोन वस्त्यांची तुलनाच करता येत नाही. आता शंभर घरांमागे किती घरांत आणि किती भांड्यांत अळ्या, हे दोन्ही लिहितो. कुठली वस्ती आधी घ्यायची, ते त्यावरून ठरतं.

आज गाडी रुग्ण सापडेल तिथे जाते. बाकीची माणसं आशाताईंसोबत कुलर, टाक्या, फ्रिजमागचे ट्रे तपासतात. सुरुवातीला वरून विरोध झाला, तेव्हा तुम्ही एका पानाचं टिपण लिहून बैठकीत माझ्या शेजारी येऊन बसलात. ते पान माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. डेंग्यू आमच्यामुळे कमी झाला, असा दावा मी करणार नाही. तो करायला काय काय तपासावं लागतं, ते तुम्हीच शिकवलंय.

नव्या ठिकाणचा पत्ता कळवा. या पावसाळ्याचं रजिस्टर पूर्ण झालं की पाठवतो. दोन वस्त्यांचे आकडे मला अजून उलगडत नाहीत, ते तुम्हाला विचारायचे आहेत.

आपला,
एक आरोग्य निरीक्षक, नागपूर