पाण्याखालच्या शेताचे पैसे

वडगाव, बेळगाव
१० ऑक्टोबर २०२५

प्रिय मैत्रिणीस,
सप्रेम नमस्कार.

दसऱ्याच्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा घरात पाहुणे होते आणि मला मोकळेपणाने बोलता आले नाही. "एक गोष्ट झाली आहे, सविस्तर पत्राने कळवते," एवढेच मी म्हणाले आणि तुला काळजीत टाकले, याबद्दल प्रथम क्षमा मागते. काळजी करण्यासारखे काही नाही. गेल्या महिन्यात माझ्या खात्यावर अकरा लाख बेचाळीस हजार रुपये जमा झाले आणि तेव्हापासून मला शांत झोप नाही, एवढेच झाले आहे. हे पैसे खर्च करावेत की राखून ठेवावेत, हे मी तुझ्याशी बोलल्याशिवाय ठरवू शकत नाही.

शिक्षिका होण्यासाठीच्या टी.सी.एच. अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षी तू खानापूरकडच्या आमच्या गावी मळणीला आली होतीस. ओढ्याकाठच्या ज्या खळ्यावर आपण दोघी भात वारवत उभ्या होतो, ते शेत २०१० साली पाझर तलावासाठी सरकारने घेतले. भरपाई इतकी तुटपुंजी मिळाली होती की आई ते पैसे हातात घ्यायलाही तयार नव्हती. दादाने वाढीव भरपाईसाठी कोर्टात अर्ज केला, वर्षांमागून वर्षे गेली, आई वारली आणि मी तो विषय मनातून काढून टाकला होता. यंदा निकालाची रक्कम आली आणि तिचा चौथा हिस्सा माझ्या नावे निघाला.

माझा हिस्सा कसा निघाला, ते तुला मुद्दाम सांगते, कारण पुढचा सगळा गुंता त्यात आहे. आपल्या कर्नाटकात १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला, पण तो तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींपुरता होता आणि माझे लग्न १९९२ मध्ये झालेले. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने विवाहित मुलींनाही तो हक्क दिला, पण बाबा २००३ मध्येच गेले होते, त्यामुळे आम्हां बहिणींना बाबांच्या वाट्यातला एखादा लहानसा अंश तेवढा मिळेल असे वकील सांगत. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, मुलीचा हा हक्क जन्माने येतो आणि २००५ साली वडील हयात असले पाहिजेत असे बंधन नाही. त्या निकालामुळे माझा अंश भावांच्या बरोबरीचा झाला. मी स्वतः त्यासाठी एक कागदही हलवलेला नाही.

आता दुसरी बाजू. २०१५ मध्ये आम्ही दोघी बहिणींनी भावांच्या नावे हक्कसोड करून द्यायचे ठरवले होते. माहेरचा उंबरा राहावा, भावांशी गोडी राहावी, म्हणून बहिणी सही करून येतात. तू केलीस, आपल्या वर्गातल्या बहुतेकींनी केली. नोंदणीच्या दिवशी आक्का पहाटेच्या एस.टी.ने खानापूरला गेली. मी जाऊ शकले नाही, कारण आदल्या रात्रीपासून माझा मुलगा डेंग्यूच्या तापाने दवाखान्यात होता. आक्काची सही झाली आणि माझी "पुढच्या खेपेला करू" म्हणून राहिली, ती राहिलीच. माझ्या खात्यावर आलेले पैसे केवळ एका तापामुळे आलेले आहेत. आक्काला भरपाईतला एक रुपयाही मिळालेला नाही. तिचा वाटा कायद्याने भावांकडे गेला.

पैसे आल्याचे कळल्यावर घरात आणि घराबाहेर सल्ले सुरू झाले. मुलाचे म्हणणे असे की, २२ सप्टेंबरपासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा दिवाळीत गाडी घ्यावी. मी त्याला सरळ नाही म्हटले, आणि तो रागावला नाही याचे मला बरे वाटले. सूनबाईला वाटते की सोने घ्यावे. शहापूरच्या सराफ गल्लीत मी चौकशी करून आले. दहा ग्रॅमचा भाव एक लाख वीस हजारांच्या वर गेला आहे. घडणावळ देऊन दागिना करायचा, तो कपाटात ठेवायचा आणि अडचणीत मोडायचा, एवढी उमेद आता या वयात माझ्यात नाही.

सर्वांत जास्त आग्रह माझ्या धाकट्या दिरांचा आहे. ते एका सोसायटीची पिग्मी गोळा करतात. माणूस अत्यंत सरळ आहे, पावसापाण्यात सायकलवरून दारोदार फिरून लोकांच्या दहा-वीस रुपयांचा चोख हिशेब ठेवतो. त्यांच्या सोसायटीत ठेव ठेवली तर साडेदहा टक्के व्याज मिळेल, असे ते म्हणतात. बेळगावात गल्लोगल्ली सोसायट्या आहेत आणि त्यांतल्या कितीतरी प्रामाणिकपणे चालतात, हे तूही जाणतेस. पण २०१७ मध्ये अशाच एका सोसायटीत यांच्या फौंड्रीतल्या कष्टाचे ऐंशी हजार अडकले, आणि त्यांतले निम्मे सुटायला आम्हाला चार वर्षे खेटे घालावे लागले. तेव्हा मला प्रथम समजले की, बँकेतल्या ठेवीला विम्याचे संरक्षण असते आणि सोसायटीच्या ठेवीला ते नसते. सहकारी बँक आणि सहकारी सोसायटी या पाट्या आपण एकाच नजरेने वाचतो, पण त्यांत हा एवढा मोठा फरक आहे. बँकेतही एका माणसाच्या एका बँकेतल्या सगळ्या ठेवी मिळून, व्याजासह, पाच लाखांपर्यंतच विमा आहे. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासूनची, त्याआधी ती एक लाखच होती. दिरांना मी हे समजावून सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या सचोटीवर माझा विश्वास आहे, पण ठेव त्यांच्या सचोटीवर ठेवली जात नाही, हे मला त्यांना न दुखवता नीट सांगता आले नाही आणि त्याची मला रुखरुख आहे.

खरे सांगायचे तर पहिले आठ दिवस माझाही कल खर्चाकडेच होता. पगाराच्या पैशाला आपण जसे जपतो तसे या पैशाला जपावेसे वाटेना. विनाअनुदानित शाळेत अठ्ठावीस वर्षे नोकरी करून मला निवृत्तिवेतन नाही; यांचे पेन्शन दोन हजारांच्या आत. सरकारकडून गृहलक्ष्मीचे दोन हजार येतात ते मी दरमहा मोजून वापरते, त्यातून औषधे आणि गॅस निघतो. त्या दोन हजारांचा पैन् पै हिशेब ठेवणारी मी, अकरा लाखांच्या बाबतीत मात्र "आलेच आहेत तर होऊ दे" असे म्हणायला लागले होते. चारधाम करावे, घरावर मजला चढवावा, नातीच्या बारशाला सगळे गाव बोलवावे, असे काहीबाही मनात येई.

मग वहिनीने मला एक वही दाखवली. दादा घरी नव्हता. दोनशे पानी साधी वही, कडा उंदराने कुरतडलेल्या, आणि आत निळ्या शाईत दादाचे तिरके अक्षर. "खानापूर ते बेळगाव बस. वकील. झेरॉक्स. मुद्रांक. तारीख पुढे गेली. बस." पुढच्या पानावर पुन्हा तेच. कित्येक ठिकाणी खर्चापुढे फक्त "तारीख पुढे गेली" असे लिहिलेले आणि त्या दिवशीच्या जेवणाचा खर्च नाही, कारण तो जेवलाच नसणार. वहिनीने बेरीज केली होती: एक लाख शहाऐंशी हजार चारशे. मजुरी बुडाली ती यात नाही.

ती वही मिटल्यावर मला माझ्याच रकमेचा अर्थ नव्याने कळला. जुन्या भूसंपादन कायद्याप्रमाणे कोर्टाने वाढवून दिलेल्या भरपाईवर, ताबा गेल्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के आणि नंतर १५ टक्के व्याज मिळते. इतक्या वर्षांत ते व्याज वाढीव रकमेच्याही पुढे गेले आहे. माझ्या अकरा लाखांतला मोठा भाग जमिनीची किंमत म्हणून आलेलाच नाही, तो वाट पाहण्याचा मोबदला आहे. आणि वाट तर दादाने पाहिली. मी इथे वडगावात संसार करत होते. तेव्हा खर्च की बचत हे ठरवण्याआधी देणे किती आहे ते पाहायला हवे, असे मला वाटले. खर्चाचा माझा चौथा हिस्सा सेहेचाळीस हजार सहाशे होतो. तो मी दादाला देणार आहे. तो घेणार नाही म्हणेल, म्हणून वही समोर ठेवूनच देईन. भाऊबीजेच्या ताटात मात्र ठेवणार नाही, त्याने त्याला अपमान झाल्यासारखे वाटेल.

उरलेल्या पैशांचे मी बरेचसे ठरवले आहे. सहा लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत, पाच वर्षांसाठी. सध्याच्या ७.४ टक्के दराने महिन्याला तीन हजार सातशे मिळतील. ते वाढीव नाहीत, महागाई वाढली तरी तेवढेच राहतील, हे मला माहीत आहे. पण महिन्याच्या ठरलेल्या दिवशी माझ्या नावावर येणारे पैसे माझ्या आयुष्यात शाळा सुटल्यापासून आलेले नाहीत. खाते उघडायला गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलाने वारसाच्या रकान्यात "मुलाचे नाव लिहू ना?" असे विचारत पेन टेकवलेच होते. मी म्हटले, मुलाचे आणि मुलीचे, दोघांचे, निम्मे निम्मे. त्याने मान वर करून पाहिले आणि लिहिले. त्या क्षणी मला आईची फार आठवण झाली.

स्वयंपाकघरावरचे पत्रे बदलायला चाळीस हजार लागतील, ते यंदा करणारच. पावसाळाभर चुलीशेजारी पातेले ठेवून मी कंटाळले आहे. अडीच लाखांच्या आसपास बँकेत मुदत ठेव म्हणून राहतील, आजारपणासाठी. कर किती बसेल ही भीती होती, पण आमच्या शेतजमिनीच्या भरपाईवर कर नाही, व्याजाच्या निम्म्या रकमेवरच तो मोजतात, आणि बारा लाखांच्या आतल्या उत्पन्नाला यंदापासून नव्या करपद्धतीत सूट असल्यामुळे आधीच कापून घेतलेली कराची रक्कम विवरणपत्र भरल्यावर परत मिळेल.

हे सगळे मांडून झाल्यावर दोन लाख उरतात, आणि त्यांच्यासाठीच हे पत्र लिहिले आहे.

गेल्या मे महिन्यात मी आणि आक्का तलावाच्या बांधावर जाऊन बसलो होतो. पाणी खूप आटले होते आणि गाळातून आमच्या शेताचे जुने बांध वर आले होते, अगदी जसेच्या तसे, चौकोनी चौकोनी. आक्काने बोट करून मला दाखवले: इथे तरवा टाकायचो, इथे पाण्याची मोरी होती, तिथे भातानंतर मसूर पेरायचो. मला त्यांतले निम्मेही आठवत नव्हते. आठवणार कसे? आक्काने सातवीनंतर शाळा सोडली ती त्या शेतात रोपलावणीला माणूस हवे म्हणून, आणि मी पुढे शिकले ती आक्का शेतात होती म्हणून. आज कणकुंबीच्या पावसात तिचे घर गळते, भाओजी थकले आहेत, आणि त्या शेताच्या पैशांत तिचे काही नाही. फोनवर मला म्हणाली, "बरे झाले बाई, तुझ्या म्हातारपणाची सोय झाली." तिच्या आवाजात कसलाही सल नव्हता, आणि त्यामुळेच ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

तिच्या नावाने दोन लाख पोस्टात ठेवले तर महिन्याला बाराशे तेहेतीस रुपये तिला मिळतील. मोठी रक्कम नाही, पण त्यात तिला कोणाकडे हात पसरावा लागणार नाही. माझी अडचण वेगळीच आहे. आक्काचा वाटा भावांकडे गेलेला आहे. मी तिला पैसे दिले की, तोंडाने एक शब्द न बोलताही मी दादाला आणि पुण्यातल्या धाकट्याला "तुम्ही दिले नाहीत" असे म्हटल्यासारखे होईल. धाकट्याचे मला फारसे वाटत नाही. पण ज्या दादाची वही मी पाहिली, त्याला मी असे कसे म्हणू? आणि त्याला दुखवू नये म्हणून आक्काला न देता गप्प बसू, हेही मला जमणार नाही.

आधी दादाशी बोलावे, आपण तिघे मिळून आक्काला देऊ असे सुचवावे, की कोणाला न सांगता आक्काचे आधारकार्ड घेऊन तिला खानापूरच्या पोस्टात न्यावे? दादाशी बोलले आणि तो नाही म्हणाला, तर नंतर मी दिलेले अधिकच टोचेल. न सांगता दिले आणि पुढे कळले, तर बहिणी चोरून व्यवहार करतात असे त्याला वाटेल. तू दादाला ओळखतेस, आक्काच्या हातची भाकरी खाल्ली आहेस, आणि हक्कसोडीवर सही करून परत येताना बाईच्या मनात काय असते ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, कारण माझी सही झालीच नाही.

भाऊबीज २३ तारखेला आहे. त्या दिवशी आम्ही दोघी बहिणी माहेरी असू. त्याआधी तुझे उत्तर आले पाहिजे. पत्र निपाणीहून यायला उशीर होत असेल तर फोन कर, पण दुपारी तीननंतर कर, तेव्हा मी घरात एकटी असते.

घरी सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझीच,
बाकावरची शेजारीण