गाडी घेऊन येतेस म्हणून

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

गणपतीला यंदा स्वतःची गाडी घेऊन येणार म्हणालीस. आई वाडीभर सांगून आली. मी मात्र रात्री दोनदा उठून पाऊस बघितला. बत्तीस वर्षं एसटी चालवली, त्यातली निम्मी घाटात, म्हणून लिहितो. फोनवर तू नुसतं "हो बाबा, हो बाबा" करतेस.

वरंधा घाट जवळचा वाटेल, पण पावसाळ्यात तो बऱ्याचदा बंदच असतो. ताम्हिणीने माणगावला उतर, आणि निघायचं ते उजाडल्यावर. आदल्या रात्री हवामान खात्याचा रायगडचा इशारा बघ. रेड असेल तर चोवीस तासांत २०४ मिलिमीटरच्याही वर पडू शकतो. तसल्या दिवशी चावीला हात लावू नकोस.

धुक्यात दिव्यांचा अपर मारलास की समोर पांढरी भिंत उभी राहते, डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावरच चालव. घाट ज्या गिअरला चढशील त्याच गिअरला उतर, नुसत्या ब्रेकवर नको. धबधब्याखाली फोटोला थांबणाऱ्यांची जत्रा असेल, त्यात तू नको. कड्यावरचं पाणी एकाएकी गढूळ झालं किंवा खडे सुटायला लागले, तर तिथे क्षणभरही रेंगाळू नकोस.

पण मला खरी धास्ती आहे ती रस्त्यावरच्या पाण्याची. तू पाचवीत असशील. रात्रीची शेवटची गाडी, आणि ओढ्यावरच्या फरशी पुलावर पाणी. फार नव्हतं, गुडघ्याच्या आतच असेल. प्रवासी म्हणाले, "घाला हो, रोजचा तर रस्ता." मी इंजिन बंद करून बसलो. मागच्या सीटवरचा एकजण तर माझी पार लाज काढत होता. साडेतीन तासांनी पाणी ओसरलं. कंडक्टर बॅटरी घेऊन पुढे गेला आणि तिथेच थबकला. फरशीच्या मधला बैलगाडीएवढा तुकडा वाहून गेलेला. वरून पाणी कसं सपाट दिसत होतं! तो बोलणारा खाली उतरला, बघून आला आणि मुकाट्याने तंबाखूची पुडी माझ्यापुढे धरली.

२ ऑगस्ट २०१६ ला महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या वेळचा पूल रात्रीच गेला. आपल्या दोन एसट्या गेल्या त्यात. अंधारात, तसल्या पावसात, पुढे पूलच नाही हे त्या ड्रायव्हरांना कळणार कसं? उजाडल्यावर निघ म्हणतो ते याचसाठी. तुझी गाडी तर हलकी, दोन फूट वाहत्या पाण्यात जीपसुद्धा टिकत नाही. पाण्यात बंद पडलीच तर पुन्हा सेल्फ मारू नकोस, इंजिन जाईल. गाडीचं राहू दे, उतरून उंचावर जा आणि ११२ लाव.

उशीर झाला तर माणगावला मावशीकडे मुक्काम कर, सकाळी ये. मी तिला सांगून ठेवलंय. आरती चुकेल म्हणून घाई करू नकोस. आपला गणपती पाच दिवसांचा आहे, दीड दिवसाचा नाही.

तुझे,
बाबा