प्लग काढशील तेव्हा ओळीने ठेव

कोल्हापूर,
रविवार, दुपार

चि. मुक्ता हिला बाबांचे अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तुझा आवाज ऐकला आणि मग मला झोप लागली नाही. ‘बाबा, इंजिन गेलं म्हणतात, चाळीस हजार सांगितलेत,’ हे सांगताना तुझा आवाज पार पडला होता. गाडी मिसिंग मारते, म्हणजे मध्येच एखादं सिलिंडर पेटत नाही, पिकअप नाही, एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत ऑइल, ठिणगी देणारे प्लग काढले तर काळेभोर. एवढ्यावरून तिथल्या गॅरेजवाल्याने फुल इंजिन काम सांगितलं. तो खोटं बोलतोय असं मी इथे बसून म्हणणार नाही. पण एवढ्यावरून इंजिन खोलायचं ठरत नाही, हे उद्यमनगरात चाळीस वर्षं हात काळे केल्यावर मी खात्रीने सांगतो. फोनवर सगळं सांगितलं असतं, पण गाडीपाशी उभी राहिलीस की त्यातलं निम्मं आठवायचं नाही. म्हणून लिहून पाठवतोय. कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेव.

आधी एवढंच कर: कामाला हो म्हणू नको, आगाऊ पैसे देऊ नको, गाडी सावकाश घरी आण. मिसिंग मारत असताना लांब दामटायची नाही. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो तापून कामातून जातो. मग खरंच मोठा खर्च बसेल.

तू पाठवलेले फोटो मी आईच्या चष्म्याखाली धरून पुन्हा पुन्हा पाहिले. चार प्लग एका फडक्यावर ढीग करून ठेवलेत. मला सगळ्यात जास्त हळहळ त्याचीच वाटली. कुठला प्लग कितव्या सिलिंडरचा हे आता कोणालाच सांगता येणार नाही. तुला आठवतं का, आपल्या चेतक स्कूटरचा प्लग काढला की तो पॉलिश पेपरने घासायचं काम तुझं असायचं. दुसरी-तिसरीत असशील. एकच सिलिंडर, एकच प्लग, त्यामुळे ओळीचा प्रश्नच नव्हता. शिवाय ती टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं. तिथे ऑइल जळणारच होतं आणि प्लग काळा पडणारच होता, म्हणून तर डिकीत एक जादा प्लग आणि प्लगपाना कायम असायचा. फोर-स्ट्रोकचं तसं नाही. इथे ऑइलने खाली क्रँकशी, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याशी, आणि वर टॅपेट कव्हरखाली, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाखाली राहायचं. ते प्लगच्या टोकाला लागलं तर कुठून आलं हे विचारायलाच हवं.

त्यांनी तेच प्लग पुसून परत बसवलेत म्हणालीस, हे एका अर्थी बरं झालं. चार-पाच दिवस कॉलेजला जा-ये कर आणि मग पुन्हा काढ. इंजिन पूर्ण गार असताना, सकाळी. आपल्या गाडीत प्लग टॅपेट कव्हरच्या मधोमध खोल विहिरीत आहेत. वायरीचं टोपण ओढलंस की टॉर्च लावून आत बघ. विहिरीत ऑइल साचलेलं दिसलं तर घाबरू नको. ते सिलिंडरमधून आलेलं नसतं, वरून कव्हरच्या सीलमधून झिरपलेलं असतं. जुन्या गाडीत ती रबरी रिंग कडक होतेच, पंचवीस वर्षांत रबराचं आणखी काय होणार. पण ऑइल तसंच ठेवून प्लग सोडवलास तर ते सगळं सिलिंडरमध्ये उतरेल. म्हणून आधी सळईला फडकं गुंडाळून विहीर कोरडी कर, पंक्चरवाल्याकडून हवा मारून घे, आणि मगच पाना लाव.

आता प्लग एकेक काढ आणि अंड्यांच्या ट्रेमध्ये ओळीने ठेव. बेल्टच्या बाजूचा पहिला, तिथून दोन, तीन, चार. ट्रेवर पेनाने आकडे घाल. मग फोटो काढ, उजेडात, टोक वर करून.

माझ्याकडे पाठवायच्या आधी तू स्वतः वाच. चिनीमातीचं टोक फिकट बिस्किटी रंगाचं असेल तर ते सिलिंडर निरोगी. काळं, पण कोरडं, बोटाला काजळीसारखं लागणारं असेल तर तो ऑइलचा प्रश्नच नाही. पेट्रोल जास्त जातंय, फिल्टर चोंदलाय किंवा प्लग पुरेसा तापत नाही. प्लगचं टोक साधारण 450 अंशांच्या वर गेलं तरच त्यावरची काजळी आपोआप जळते. तुझं कॉलेज घरापासून चार किलोमीटर. इंजिन तापायच्या आत तू किल्ली काढतेस, तेव्हा थोडी काजळी त्याचीही असेल. काळं, ओलं, चकचकीत आणि बोटांत चोळल्यावर बुळबुळीत लागलं तर ते ऑइल. आणि टोक कोरडं पण वरची पांढरी चिनीमाती तेवढी तेलकट असेल, तर तो विहिरीतल्या सीलचा कारभार. तेवढ्यानेही गाडी मिसिंग मारते, कारण तेलाने फुगलेल्या टोपणातून करंट प्लगपर्यंत न जाता बाजूला पळतो. एका फोटोत मला असा एक प्लग दिसला असं वाटतं. म्हणजे चारांपैकी निदान एकाचा रोग एक सील आणि एक पॅकिंग बदलून जाणारा असू शकतो.

चारही टोकं सारखीच तेलकट असतील तर ऑइल सगळ्यांच्या सामाईक वाटेने, म्हणजे हवेबरोबर येतंय. एकच किंवा दोनच तेलकट असतील तर दोष त्या त्या सिलिंडरपाशी आहे. म्हणून ती ओळ एवढी महत्त्वाची.

आता हवेच्या वाटेतलं ऑइल. पिस्टनच्या रिंगा कितीही नव्या असोत, जळालेला थोडा वायू त्यांच्या बाजूने खाली निसटतोच. तो बाहेर पडला नाही तर इंजिनाच्या पोटात दाब साचतो. त्याला बाहेर काढायला पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो. इंजिनाच्या पोटातून निघालेला वायू त्यातून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत, ओढला जातो आणि पुन्हा जळतो. टॅपेट कव्हरवरून दुसरी एक रबरी नळी एअर फिल्टरच्या पाइपला जोडलेली आहे, तिच्यातून ताजी हवा आत येते. हा झाला निरोगी इंजिनाचा श्वास. पीसीव्ही मळीने बंद झाला की श्वास उलटा होतो. दाबाला दुसरी वाट नसते, म्हणून तो ताज्या हवेच्या नळीतूनच मागे फिरतो आणि जाताना ऑइलचे थेंब घेऊन फिल्टरच्या डब्यात टाकतो. गॅरेजवाल्याने जे ऑइल पाहिलं ते तिथलं आहे. ते रिंगा झिजल्यामुळेही येतं आणि एका स्वस्तातल्या व्हॉल्व्हमुळेही येतं. नुसतं बघून फरक कळत नाही, तपासावं लागतं.

तर तपास. थ्रॉटल बॉडीच्या, म्हणजे रेस दिली की उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या, अलीकडचा रबरी पाइप काढ. आतून हलकासा तेलकट हात असेल तर त्यात काही विशेष नाही, चालत्या गाडीत तो असतोच. तळाशी ऑइल साचलं असेल तर श्वास उलटा झालाय. पाइप कोरडा आणि थ्रॉटलच्या पलीकडे मॅनिफोल्डमध्ये मात्र ऑइल, असं असेल तर पीसीव्ही उघडाच अडकून जास्त ओढतोय. मग पाइप परत बसवून गाडी चालू कर, आयडलवर ठेव, आणि पीसीव्हीपासून मॅनिफोल्डला जाणारी नळी पकडीने हलकेच दाब. व्हॉल्व्हमधून टक असा आवाज यायला हवा. नाही आला तर गाडी बंद करून व्हॉल्व्ह काढ आणि कानाशी धरून हलव. आतली गोळी खुळखुळली पाहिजे. खुळखुळत नसेल तर धुवत बसू नको, नवा टाक, आणि त्याच्या नळ्याही आतून बघ. कधी व्हॉल्व्ह ठीक असतो आणि नळीच बसलेली असते.

डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची कांडी, बघितलीस का? हे मी सगळ्यात आधी विचारायला हवं होतं. मागच्या सर्व्हिसला ऑइल कोणी जास्त ओतलं असेल तर फिरत्या क्रँकने ते घुसळून निघतं आणि श्वासाच्या नळीत चढतं. गाडी सपाटीवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी बघ. वरच्या खुणेच्या वर असेल तर रोग तिथेच सापडला. आणि कांडीला पेट्रोलचा वास येत असेल तर मला लगेच कळव, मग गाडी अजिबात चालवायची नाही.

हे सगळं मी एवढं सविस्तर का लिहितोय, ते तुला कधी सांगितलं नव्हतं. तू जन्मायच्या आधीची गोष्ट. एका टॅक्सीवाल्याची गाडी आली, फिल्टरमध्ये ऑइल, प्लग ओले, धूर. मी पाच मिनिटांत रिंगा सांगितल्या. इंजिन उतरवलं, बोअर केलं, नवे पिस्टन, नव्या रिंगा. तीन आठवड्यांनी तो परत आला, फिल्टरमध्ये पुन्हा ऑइल. तेव्हा मी ब्रीदरची, म्हणजे श्वासाची नळी सोडवली. ती आतून डांबरासारख्या मळीने गच्च भरली होती. इंजिन उतरवलं तेव्हा ती नळी माझ्याच हाताने काढून बाजूला ठेवली होती आणि तशीच परत जोडली होती, आत न बघता. त्या माणसाने बायकोचे दागिने गहाण ठेवून पैसे आणले होते, हे मला नंतर कळलं. मजुरी मी परत केली. पार्टचे पैसे परत करण्याएवढे माझ्याकडे तेव्हा नव्हते. तेव्हापासून गाडीवर ऑइल दिसलं की मी आधी श्वास बघतो.

आता उरलेली शंका. गेल्या महिन्यात तू इथून निघालीस तेव्हा तुझा मामेभाऊ मोटरसायकलवर तुझ्या मागे साखरप्यापर्यंत होता. परवा सहज बोलता बोलता म्हणाला, आंबा घाट उतरून खाली आल्यावर ताईने रेस दिली तेव्हा मागून निळा धूर आला, नंतर थांबला. हे ऐकून मला बरंच उमगलं. घाट उतरताना तू गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढतेस, ते योग्यच आहे, न्यूट्रलला टाकून कधी उतरू नको. पण तेव्हा थ्रॉटल बंद आणि इंजिन फिरत असतं, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये जबर ओढ तयार होते. सिलिंडरच्या माथ्यावरच्या व्हॉल्व्हचे (पीसीव्ही नव्हे) ऑइल सील कडक झाले असतील तर ती ओढ व्हॉल्व्हच्या दांडीच्या कडेने वरचं ऑइल खाली खेचते. खाली आल्यावर पहिली रेस दिलीस की ते साचलेलं सगळं एकदम जळतं. सकाळी स्टार्ट केल्यावर एक निळा भपका येऊन थांबतो का, तेही बघ. येत असेल तर ती साक्षही ऑइल सीलकडेच जाते. रिंगा गेलेल्या इंजिनाचा धूर असा येऊन थांबत नाही, चढावर जोर लावला की सतत येत राहतो.

त्यावर शिक्का मारायला कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतो ते मोजणं. तिथे कुणाकडे गेज असेलच. थोडे पैसे घेतील, दे. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. चारही आकडे कागदावर लिही. आपल्या इंजिनाला किमान साडेनऊ किलो दाब हवा आणि चारांमधला फरक दोन किलोच्या आत हवा. एखादं कमी भरलं तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा घ्यायला सांग. आकडा वर चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह बसत नाही किंवा हेडचं पॅकिंग. चारही आकडे चांगले आणि तरी प्लग तेलकट, तर मुक्ता, तुझं इंजिन गेलेलं नाही. ऑइल सील खराब असले तरी कॉम्प्रेशन पडत नाही.

आणि नुसते सील असतील तर हेडसुद्धा उतरवावं लागत नाही. प्लगच्या भोकातून स्वच्छ दोरी आत सोडायची, पिस्टन हाताने हळूहळू वर आणायचा, दोरी दाबली जाऊन व्हॉल्व्हला खालून आधार देते. मग वरून स्प्रिंग काढून सील बदलायचा. वेळखाऊ काम आहे, पण माझ्या अंगणात होण्यासारखं आहे. कॅमचा साचा आणि स्प्रिंगची पकड उद्यमनगरातल्या पोरांकडून आणेन. डोळे आता पूर्वीसारखे नाहीत, स्प्रिंगच्या बारीक कॉटर, म्हणजे तिला अडकवणाऱ्या खिट्ट्या, तुला बसवाव्या लागतील.

‘गरम नंबरचा प्लग टाकून देतो, काळा पडणार नाही,’ असं कोणी म्हणालं तर नको म्हण. त्याने काही दिवस मिसिंग लपेल, ऑइल मात्र जळतच राहील. प्लग परत लावताना पाना लावायच्या आधी रबरी नळीच्या तुकड्यात धरून बोटांनीच फिरव. हेड अॅल्युमिनियमचं आहे, आटा एकदा तिरका गेला की हेडच खराब होईल. बोटांनी बसला की जुन्या प्लगला पान्याने थोडाच पीळ दे, नव्याला अर्धा फेरा.

आकडे आणि ट्रेचा फोटो आला की मी इथून पार्ट मागवून ठेवतो. पुढच्या शनिवारी ये, पण गाडी घेऊन नको, एसटीने ये आणि आधी प्लग दाखव. मग तुझ्याबरोबर मी परत येईन आणि आपण दोघं गाडी सावकाश घाटाने वर आणू. आईने तुझ्यासाठी कटाच्या आमटीचा मसाला कुटून ठेवलाय. जुने प्लग फेकू नको.

तुझा,
बाबा