नितीन कंपनीच्या स्टॉपपासून पायी नेणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काकांस, सा. न. वि. वि.

गुडघा दुखत असताना गेल्या महिन्यातले दोन रविवार, ठाण्यातल्या जुन्या कारखान्यांच्या जागा दाखवायला, तुम्ही मला दिलेत. घरी येऊन आभार मानायला लागले, तर "अगं, त्यात काय" म्हणून तुम्ही चहाचं बोलायला लागलात. म्हणून हे पत्र, तेही सगळ्यांसमोर.

सोनं संपलं की गावाचं काय होतं, ते पाहायला मी कर्नाटकातल्या कोलार गोल्ड फील्ड्सला गेले होते. बंगारपेटहून मारीकुप्पमची गाडी, खाणींवरची थांबलेली लोखंडी चाकं, सायनाइडने सोनं काढून झाल्यावर उरलेल्या मातीच्या टेकड्या. गणपतीत तुम्हाला फोटो दाखवले. तुम्ही चष्मा पुसून एकेक पाहिलात आणि विचारलंत, "इतक्या खोल वीज कुठून न्यायचे? पाळ्या किती होत्या? खाली उतरायला वेळ किती लागायचा?"

मला एकाचंही उत्तर आलं नाही. तीन दिवस राहून मी नुसती पडझड बघून आले होते.

त्या रात्री वाचत बसले. वीज १९०२ साली कावेरीवरच्या शिवनसमुद्रहून, जवळजवळ दीडशे किलोमीटर तारा ओढून आणली होती. खाण तीन किलोमीटरहून खोल गेली, दगडातलं सोनं कमी होत गेलं, काढायचा खर्च सोन्याच्या किमतीपलीकडे गेला आणि २८ फेब्रुवारी २००१ ला काम थांबलं. दुसऱ्या दिवशी हे तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "रविवारी सकाळी सातला खाली ये. चपला नको, बूट घाल."

मी जन्मापासून ठाण्यात राहते. रिक्षावाल्याला रोज "नितीन कंपनी" सांगते, पण तिथे कसली कंपनी होती हे मला ठाऊक नव्हतं. ओतकामाची, हे तुम्ही सांगितलंत. पुढे कॅसल मिल, गोल्डन डाईज नाका. रेमंडच्या भिंतीपाशी तुम्ही बराच वेळ उभे राहिलात. १९२५ साली लोकरीची गिरणी म्हणून सुरू झालेली ती जागा, आता आत टॉवर. पाळी सुटताना रस्ता सायकलींनी कसा भरायचा, ते तुम्ही हात पसरून दाखवलंत. बाजूने जाणारा एक मुलगा थांबून ऐकायला लागला, आठवतं?

दुसरा रविवार वागळे इस्टेटचा. एमआयडीसी १९६२ ची आणि ही तिची पहिली वसाहत, एवढं मी पाठ करून आले होते. पण इथेच का, हे तुम्ही समजावलंत. मुंबईत नव्या कारखान्यांवर निर्बंध आले होते, इथे जागा, पाणी, हायवे हाताशी होतं आणि कोकणातून कामाला माणसं येत होती. मग उलटं होऊन कारखाने इथून का गेले, तेही. मुंबई-ठाणे-पुण्याबाहेर गेलं की सरकारी सवलत, सिल्वासाला करमाफी, आणि इकडे जमिनीचा भाव असा चढला की मशीन चालवण्यापेक्षा शेड विकणं मालकाला परवडायला लागलं. "संप झाला म्हणून सगळं गेलं" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. ते अर्धवट आहे, हे मला तुमच्याकडून कळलं, आणि याचं मोल मला फार वाटतं.

तुमची कंपनी होती तिथे आता काचेची इमारत आहे. नाव लिहू नको म्हणालात, लिहीत नाही. गेटवर सकाळी लागलेली नोटीस, हिशेबासाठी नऊ वर्षं कोर्टात घातलेले हेलपाटे, त्या काळात काकूंनी पोळीभाजीच्या डब्यांवर चालवलेलं घर, हे सगळं तुम्ही आवाज न चढवता सांगितलंत. आणि लगेच, लेथवर शंभरावा भाग मिलिमीटर कसा साधायचा, ते सांगताना तुमचा चेहरा उजळला. मला तो चेहरा विसरता येत नाही.

काकूंचेही आभार. दोन्ही दिवशी थर्मास आणि थालीपीठ त्यांनी दिलं होतं.

कोलारच्या फोटोंखाली मी "भग्न", "उजाड" असलं काहीबाही लिहिलं होतं. ते सगळं काढलं. आता प्रत्येकाखाली तिथे काय काम चालायचं ते लिहिते आहे. अकरा फोटो झाले, सातांचं अजून शोधते आहे. ठाण्याच्या फोटोंची नावं मात्र तुम्हीच तपासून द्या, विशेषतः रोड नंबर २२ वरच्या त्या शेडचं. मी फौंड्री लिहिलंय, पण घरी येताना तुम्ही टूल रूम म्हणाला होतात असं वाटतं.

तुमची,
बी विंगमधली